वहिनींचा वजनकाटा

तीन मार्चला वहिनींनी माझ्याकडून चार हजार सहाशे पन्नास रुपये उसने घेतले. वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरला नवी डिस्क हवी होती. दादा गेल्यापासून ट्रक तोलायचा तो काटा त्याच चालवतात. हिशेब मी पाहतो.

अडचण सकाळची होती. वहिनी कॉम्प्युटर लावत, मग ट्रक उभा राहतो त्या काट्याच्या फळीवरची माती झाडत आणि त्यानंतरच काटा सुरू करत. धूळ तोलायची नाही, ही दादाची शिस्त. तोवर वजनाच्या प्रोग्रामला काटा सापडत नसे. चार-पाच हाका मारून तो गप्प बसे. मग सगळं बंद करून पुन्हा चालू. दारात ट्रक खोळंबत. भंगारवाल्या शेठनं बजावलं होतं, महिनाअखेरपर्यंत हे सुधारलं नाही तर गाड्या पलीकडच्या काट्यावर नेईन. निम्मं उत्पन्न त्याच गाड्यांचं.

मी सुचवलं, आधी काटा लावा, मग झाडा.

"भावोजी, यंत्रासाठी मी रीत का मोडू? यंत्रालाच वाट बघायला शिकवते."

कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स त्यांच्याकडे होतंच. आता नव्या डिस्कवर त्यांनी वेगळ्या घडणीचं लिनक्स घेतलं. मशीन सुरू होताना एकेक काम जागं करणारा मुकादम त्यात निराळा असतो. दुरुस्तीवाला म्हणाला, जुन्या मुकादमालाही हे सांगता आलं असतं. वहिनींना ते ठाऊक होतं.

"जमेल हो. पण त्याच्या फायली वाचताना सासरी पहिला दिवस असल्यासारखं वाटतं."

नव्याची फाइल चार ओळींची. प्रोग्राम बंद पडला की मुकादम त्याला लगेच पुन्हा उभा करतो, काटा जागा होईपर्यंत, न कुरकुरता.

पहिल्या सकाळी वजन झटक्यात आलं, पण छपाईचं काम मुकादमाला नेमून द्यायचंच राहिलं होतं. वहिनींनी पावत्या हातानं लिहिल्या. एक ड्रायव्हर म्हणाला, "ताई, काटा सुधारला, पावती रुसली." दुपारपर्यंत त्यांनी तिचाही रुसवा काढला.

महिनाअखेरीला शेठ स्वतः पहिल्या ट्रकबरोबर आला. वहिनी फळी झाडत होत्या. घाई केली नाही. कोपरे झाडले, केरसुणी जागेवर ठेवली, काट्याचं बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला, पावती निघाली. शेठनं ती घडी करून खिशात घातली आणि मागच्या गाड्यांना आत यायला हात केला.

इतकी वर्षं मी हिशेबात काढली, पण कामाची एवढी नेटकी मांडणी क्वचित पाहिली.

उसन्यातले बाकीचे वहिनींनी फेडले; माझे साडेतीनशे रुपये अजून यायचे आहेत.