अनंतराव घेतात का?

अनंतराव न्हाणीघरात पडले तेव्हा त्यांचा दुसरा पेग संपत आला होता. कसबा पेठेतल्या त्या फ्लॅटच्या खिडक्या संध्याकाळी बंद होत. डासांमुळे, असं शेजारी समजत. कुसुमताईंनी तसं समजू दिलं होतं. बँकेतून निवृत्त झालेला, चार लोकांत मान असलेला आपला नवरा मुलाच्या, सलीलच्या मुंजीच्या आधीपासून रोज पितो, हे त्यांनी माहेरीसुद्धा कळू दिलं नव्हतं.

अनंतराव फरशीवर कळवळत होते. ताईंनी आधी त्यांचा शर्ट बदलला, चूळ भरवली, तोंडात लवंग कोंबली, ग्लास विसळून ठेवला. मग अॅम्ब्युलन्स बोलावली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. इमर्जन्सीतली तरुण डॉक्टर अपूर्वा हिने विचारलं, "आजोबा दारू घेतात का?"

"आमच्याकडे दर श्रावणात सत्यनारायण असतो," ताई म्हणाल्या.

"तो असू दे हो. वास येतोय म्हणून विचारलं. रोजची सवय एकदम तुटली तर जिवावर बेततं."

"वास तुमच्या स्पिरिटचा असेल."

अपूर्वाने अनंतरावांना विचारलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

नवा सांधा बसवण्याचं ऑपरेशन चांगलं झालं. पण दुसऱ्या दिवशी त्यांचे हात कापायला लागले. संध्याकाळपर्यंत त्यांना चादरीवर मुंग्या दिसू लागल्या. नर्सला ते बँकेतला शिपाई समजून फाइल मागू लागले. डॉक्टरांना मेंदूत रक्तस्राव झाल्याची शंका आली. स्कॅनला नेताना ताई स्ट्रेचरबरोबर चालत होत्या. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. सलील बंगळूरूहून आला होता, शेजारी उभा होता. त्याच्यासमोर तोंड उघडेना.

पहाटे अनंतरावांना फिटचा झटका आला आणि ते पलंगावरून खाली पडले. बसवलेला सांधा निखळला.

तेव्हा ताईंनी कॉरिडॉरमध्ये अपूर्वाचा हात धरला. "घेतात. रोज घेतात."

"मी दोनदा विचारलं होतं, आजी," एवढंच म्हणून अपूर्वा आत धावली.

सलील म्हणाला, "मला माहीत होतं, आई. तू लपवतेस म्हणून मीही गप्प बसलो."

योग्य औषधं सुरू झाली, अनंतराव शुद्धीवर आले. दुसरं ऑपरेशन झालं, पण पाय कायमचा आखूड राहिला. मग व्यसनमुक्तीचे डॉक्टर येऊन पलंगाशी बसले आणि भर वॉर्डात, नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "काका, कधीपासून घेता?" शेजारच्या खाटेवरचा माणूस पेपर बाजूला करून बघू लागला. अनंतराव कुसुमताईंकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

दारू सुटली. घरी आल्यावर ते सलीलशी फोनवर बोलत, व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलाशी बोलत. ताईंनी पुढे केलेला चहाचा कप मात्र न बघता घेत.

एका रविवारी बँकेतले जुने स्नेही भेटायला आले. "काय अनंतराव, अचानक काय झालं हे?"

वॉकरवर हात ठेवून अनंतराव हसले. "मला काय विचारता? हिला विचारा. ही आता सगळं सांगते."

स्नेह्यांनी अवघडून ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "पोहे टाकते," आणि आत गेल्या.