मल्लाप्पा वस्तादांची हरकत

मल्लाप्पा वस्ताद माझ्या पुराणाला यायचे ते संध्याकाळी मिलचा भोंगा झाल्यावर, आणि बसायचे सगळ्यांत मागे. पहिल्या वर्षी मी महाभारतातलं शेवटचं गदायुद्ध सांगत होतो. कृष्णाने स्वतःच्या मांडीवर थाप मारून खूण केली, भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर गदा हाणली आणि तो दुष्ट कोसळला, एवढं म्हणून मी टाळ्यांसाठी थांबलो. टाळ्यांऐवजी मागून आवाज आला, "इल्ला, बुवा! कुस्ती बाद!"

सगळं देऊळ मागे वळलं. हा अक्कलकोटच्या पलीकडचा धनगर गडी. 'नाही' म्हणायचं झालं की कानडीतच म्हणे. "कमरंच्या खाली मारायचं न्हाय, आसं ठरलं हुतं का न्हाय?" त्यांनी विचारलं. ठरलं होतं, हे मला कबूल करावं लागलं. "मग भीम हरला की! तुमी त्याला जिंकवलं कसं?"

मी तेव्हा सकाळी शाळेत मास्तरकी करणारा आणि संध्याकाळी पुराण सांगणारा माणूस. ऐकून घ्यायची सवयच नव्हती. दुर्योधनाने भर सभेत द्रौपदीची विटंबना केली, भावांचं घर पेटवलं, अशाला कसला नियम, असं मी तावातावाने सुनावलं. वस्ताद शांतपणे म्हणाले, "वाईट हुता, मान्य हाय. लई वाईट. पर आखाड्यात उतरला म्हंजे तो जोडीदार झाला. वाईट मानसाशी नीट लडायचं न्हाय, तर मग कुनाशी लडायचं?" एवढं बोलून ते चालते झाले. पुढे दरवर्षी त्या दिवशी ते मुद्दाम यायचे, हरकत नोंदवायचे आणि उठून जायचे. मीही हट्टाने दरवर्षी भीमाची युक्ती आणखी रंगवून सांगू लागलो.

भांडणातूनच ओळख वाढली. त्यांच्या तालमीत गेलो की कुस्तीच्या हौद्यातल्या तेल, ताक, हळद घातलेल्या तांबड्या मातीचा वास यायचा. एकदा त्यांनी मला पंधरा बैठका मारायला लावल्या. पुढचे तीन दिवस मी वर्गात उभ्यानेच शिकवलं. "बुवा, तुमचं अंग पोथीवानी हाय," ते हसत म्हणाले, "सदा बांदून ठिवलेलं!" मला त्यांचा राग येत नसे. खरं सांगायचं तर त्या गावात माझं असं कोणी होतं तर तेच.

वस्तादांना मूलबाळ नव्हतं. मेलेल्या भावाचा शिवा त्यांनी तान्हा असल्यापासून वाढवला होता. स्वतः वस्तादांचा खांदा ऐन उमेदीत निखळला, त्यामुळे जत्रेतली शेवटची मोठी कुस्ती त्यांच्या नशिबी आलीच नाही. ती शिवाने मारावी, एवढी एकच इच्छा होती.

ती कुस्ती लागली तेव्हा मी वस्तादांच्या शेजारीच बसलो होतो. समोर विजापूरकडचा मल्ल, डाव्या मांडीला पट्टी बांधलेला. बराच वेळ कुणी कुणाला हलेना. मग पंचांकडे पाठ असताना शिवाने त्या पट्टीवर गुडघा हाणला. मल्ल विव्हळत खाली बसला आणि शिवाने त्याला चीत केलं. फेटे उडाले. मी गुडघा बघितला होता, तरी माझीही टोपी उडाली.

वस्ताद उठू लागले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. "पंचांना दिसलं नाही. गप्प बसा, वस्ताद. पोराचं कल्याण होईल."

"इल्ला," म्हणून त्यांनी हात सोडवला आणि आखाड्यात जाऊन म्हणाले, "कुस्ती बाद. गुडगा घातला माज्या पोरानं." आवाज फाटला होता.

शिवा ओरडला, "तात्या, भीमानं केलं ते चालतंय, आन् मी केलं तर न्हाय? बुवाच सांगत्यात की दरसाली!"

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

शिवा त्याच दिवशी घर सोडून मिलमध्ये लागला. त्याच्यामागोमाग तालमीतली पोरंही गेली. वस्ताद एकटेच हौदा खणत, पाणी मारत. मी रोज जाऊन बसे. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त विचारायचे, "पोरगं येळेवर जेवतंय का, कळलं का कुटं?"

शेवटी मीच मिलच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. शिवा तोंड फिरवून निघाला, तसा मी सगळ्यांदेखत म्हणालो, "चूक माझी होती रे. भीम हरला होता. मी तुम्हाला खोटं सांगितलं. आणि वस्ताद रोज तुझ्या जेवणाची चौकशी करतात." तो मागे न बघता निघून गेला.

पुढच्या जत्रेत शिवा एकटाच आला. त्याच विजापूरच्या मल्लाला गाठून त्याने पाया पडून पुन्हा कुस्तीची जोड मागितली. मल्लाची मांडी आता बरी झाली होती. वस्ताद कडेला बसले होते, हात मांडीखाली दाबून. शिवा जीव तोडून लढला, आणि पाऊण तासाने उताणा पडला. लोकांनी हुर्यो उडवली.

वस्ताद खांदा विसरून धावत आत गेले. डोक्याचा फेटा सोडून तो त्यांनी मातीने माखलेल्या शिवाच्या डोक्याला बांधायला घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पंचांना ओरडून सांगत होते, "बगितलं का ओ? माजं पोरगं कसं लडलं, बगितलं का?"