काठावरचा काळा बॉल
जुन्या जर्किनच्या खिशात क्यूच्या काठीला घासायचा निळा खडू सापडला आणि वडगावचा पूल खेळायचा हॉल आठवला. खाली यंत्रमाग खडखडायचे, वर टेबल थरथरायचं. त्या हादऱ्यानं पॉकेटच्या भोकाच्या काठावरचा बॉल पडला तर परत काठावर ठेवायचा, हा हॉलचा नियम मला माझ्या जोडीदारानंच शिकवलेला. तिथंच झालेल्या लीगच्या फायनलला समोरच्या हिंडलगेकरांचा शेवटचा काळा बॉल, जो पडला की डाव त्यांचा, काठावर अडकला. माझी पाळी आली, मी वाकलो, आणि तो आपसूक पडला. ते "जिंकलो" म्हणून नाचायला लागले. मी जोडीदाराकडं वळलो, "अण्णा, सांग की ह्यांना नियम!" तो खाली बघत म्हणाला, "असला नियम न्हाय रं आमच्यात." पुढच्या लीगला तो हिंडलग्याकडनं उतरला. परवा बाजारात भेटला, तर मलाच विचारतो, "खेळायचं का सोडलास रं?"