डॅशबोर्डवरचा नववा बल्ब

आमच्या घरात गाडी मी चालवते आणि गाडीतलं सगळं ह्यांना कळतं. हे सरकारी बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर जीप मिळाली आणि जीपबरोबर ड्रायव्हरही मिळाला, त्यामुळे स्टिअरिंग हातात धरायची वेळ ह्यांच्यावर आलीच नाही. मी शाळेत शिकवत होते, मला कोण ड्रायव्हर देणार? म्हणून मी शिकले. अजूनही तीच जुनी गाडी मी चालवते आणि हे शेजारी बसून वेग वाचून दाखवतात. "पंचेचाळीस... अठ्ठेचाळीस... अगं, पन्नास झाले की!"

गेल्या उन्हाळ्यात डॅशबोर्डच्या आतले बल्ब एकेक करून गेले. दिवस मावळला की काटा दिसेनासा व्हायचा. मला तर सुखच लागलं. सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून घरी येईपर्यंत गाडीत शांतता असायची.

ह्यांना मात्र चैन पडेना. "वेग माहीत नसताना गाडी चालवणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे," म्हणाले, जणू चालवणारे तेच. चार दिवस मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, वहीत आकृत्या काढल्या आणि निर्णय जाहीर केला. सगळे बल्ब काढून एलईडी बसवायचे.

"एलईडीला वीज किती कमी लागते, तुला कल्पना नाही. बॅटरीवरचा ताण बघ कसा उतरतो."

"एवढ्याशा बल्बांनी बॅटरीवर ताण येतो होय?"

"तुला त्यातलं कळायचं नाही."

शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये काम सुरू झालं. डॅशबोर्ड उघडला, नखाएवढे आठ एलईडी बसवले. पाच पेटले, तीन पेटेनात. दुकानदारानं खराब माल दिला असं ह्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. मी म्हटलं, एकदा मिस्त्रींना दाखवू या. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे आमचे मिस्त्री भवानी पेठेत बसतात. उघड्या डॅशबोर्डसकट गाडी तिकडे नेली.

मिस्त्रींनी न पेटणारे तिन्ही एलईडी काढले, फिरवून पुन्हा बसवले. तिन्ही पेटले.

"साहेब, याला उलटं-सुलटं असतंय. उलटा बसला तर पेटत न्हाय."

"मला माहीत होतं," हे म्हणाले. "मी तपासून बघत होतो."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातल्या, बॅटरीचं चित्र असलेल्या नवव्या बल्बवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "भाभी, इसकू हात नक्को लगाव. हा जुनाच राहू द्या. याच्यातनं करंट जातो, तवा डायनामो बॅटरी चार्ज करायला लागतो."

घरी आल्यावर ह्यांनी तो नववाही बदलला.

"अहो, मिस्त्री नको म्हणालेत ना?"

"आठ पांढरे आणि एक पिवळा? किती ओंगळ दिसतं ते! आणि इंजिनिअर कोण आहे, मी की ते?"

मी पोळ्या लाटत होते, वाद घातला नाही. माझंही तेवढं चुकलंच.

संध्याकाळी उजेड दाखवायला दिरांच्या घरच्यांना एसी लावून गावभर फिरवलं. डॅशबोर्ड एखाद्या मंगल कार्यालयासारखा झगमगत होता. आकडे मागच्या सीटवरूनही दिसत होते, त्यामुळे आता वेग वाचायला दीरही सामील झाले.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला भाचीचा साखरपुडा होता. जाताना एसी चालूच. तिथे जेवणाच्या पंगतीत ह्यांनी मुलाकडच्या मंडळींना एलईडी आणि वीजबचत या विषयावर पहिल्या वाढीपासून मठ्ठ्यापर्यंत ऐकवलं. नवऱ्या मुलाचे वडील मान हलवून हलवून थकले.

तीनच्या सुमाराला निघायला म्हणून मी चावी फिरवली. टक्. परत फिरवली. आता टक्सुद्धा नाही.

ज्यांनी व्याख्यान ऐकलं होतं तेच सगळे गाडी ढकलायला आले. हे कडक इस्त्रीचं जाकीट घालून मागून सूचना देत होते. गाडी मंगल कार्यालयाच्या फाटकापर्यंत गेली आणि उभी राहिली. मांडवाचं सामान न्यायला आलेला टेम्पोवाला खाली उतरला.

"काकू, चावी नका फिरवू आता. बॅटरी संपलीया. माज्याकडं वायर हाय, लावतो की."

तो वायर जोडत होता तेवढ्यात मी मिस्त्रींना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं.

"साब वो बल्ब बदले क्या?"

"बदलला."

"मैं बोल्या था ना, भाभी!" मग समजावून सांगितलं. एलईडीतून पुरेसा करंट जात नाही, म्हणून कालपासून बॅटरी चार्जच झालेली नाही. टेम्पोच्या बॅटरीवर गाडी चालू करा, एसी, पंखा, गाणी सगळं बंद ठेवा, हॉर्नसुद्धा जपून वाजवा, आणि सोलापूर येईपर्यंत गाडी बंद पडू देऊ नका.

मे महिन्यातली दुपार. काचा खाली, गरम वारा तोंडावर. हे वेगसुद्धा वाचून दाखवत नव्हते. वाटेतलं वळसंग गाव मागे पडल्यावर हळूच म्हणाले, "मिस्त्रींना काय सांगितलंस?"

"जे झालं ते."

"म्हणजे मी बदलला, असं?"

"मग काय, मी बदलला म्हणू?"

त्यांनी जाकीट काढून मांडीवर घेतलं. घामानं निथळलेला, पडलेला तो चेहरा बघून मला वाईट वाटलं. पण लगेच हसूही आलं, आणि ते काही आवरेना. थोड्या वेळानं हेही हसले, खिडकीकडे तोंड करून.

मिस्त्रींनी जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब बसवला, चार्जिंग तपासलं आणि एका शब्दानंही ह्यांना टोचलं नाही. ते बघून ह्यांना धीर आला. "मला शंका होतीच," म्हणाले, "ह्याच्यातनं करंट जात असणार."

पुढच्या रविवारी पार्किंगमधून ह्यांचा आवाज आला. शेजारच्या प्राध्यापकांच्या गाडीचा डॅशबोर्ड उघडून दोघं वाकले होते. "बॅटरीचा बल्ब मात्र बदलायचा नसतो बरं का. ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते." प्राध्यापकांची बायको बाल्कनीतून काळजीनं खाली बघत होती. मी तिला मिस्त्रींचा नंबर दिला.