टायगरसाठी ढिली दोरी

मी काही लिहावे एवढा माझा अधिकार नाही. पशुवैद्यकाच्या कॉलेजात शिकतो आहे, अजून डॉक्टर झालेलो नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. वडील चिऱ्याच्या खाणीवर काम करतात. त्यामुळे जिथे मोठमोठे लोक आपले अनुभव सांगतात तिथे आपण तोंड उघडावे की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. चुकले असेल तर सांभाळून घ्यावे. पण एका कुत्र्याची हकिगत मनातून जात नाही, आणि ती दुसरे कोणी लिहील असे वाटत नाही, म्हणून लिहितो.

त्या सकाळी परुळेकर बाई आमच्या दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीत तोंड खुपसून टायगर उभा होता. आवारात पलीकडे कोणाचा तरी कुत्रा खांबाला बांधलेला होता. तो नुसता झोपला होता. तरी टायगरचे मागचे पाय लटपटत होते. तपकिरी रंगाचा, तोंडाभोवती पांढरा झालेला, चांगला उंच गावठी कुत्रा. नाव टायगर. वाडीत सगळे त्यावरून हसत.

कॉलेजने प्रत्यक्ष काम शिकायला मला मालवणजवळच्या या सरकारी दवाखान्यात पाठवले होते. तो माझ्याच गावापासून जवळ. काम मुख्यतः गाईम्हशींचे आणि कोंबड्यांना लस टोचण्याचे. कुत्रा आला तर चावल्याचा नाहीतर चावून घेतल्याचा. भित्रा म्हणून आणलेला कुत्रा मी पहिल्यांदाच बघत होतो.

बाईंनी मला पहिलीत मुळाक्षरे शिकवली होती. आता त्या निवृत्त होत्या आणि घरात एकट्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकला होता, म्हणजे ऑपरेशनला तयार झाला होता, आणि थंडीत करून टाकू असे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते. ऑपरेशननंतर कुडाळला मुलीकडे राहायचे. पण मुलीकडे काजूच्या गोदामाच्या राखणीला दोन कुत्रे होते. आदल्या महिन्यात बाई टायगरला घेऊन तिथे जाऊन आल्या. फाटकातच तिन्ही कुत्र्यांची जुंपली, दोरीच्या हिसक्याने बाई पडल्या, आणि त्याच संध्याकाळी एका टेम्पोने परत आल्या. जावई वाईट माणूस नव्हता. पण त्याने स्पष्ट सांगितले की कुत्र्याला वाडीत कोणाकडे तरी ठेवा.

"ह्येका ठेवन मी खंय जावचंय नाय," बाई मला म्हणाल्या. "डोळो ऱ्हवांदे नायतर जावंदे."

त्या असे म्हणाल्या तेव्हा त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, थोडी बाजूला होती. मी कुठे उभा आहे हे त्यांना आवाजावरून कळत होते.

डॉक्टरसाहेबांनी टायगरचे कान, दात, पोट सगळे तपासले आणि मला आत बोलावले.

"आजार काही नाही. घाबरट आहे."

"त्यावर काय देतात, साहेब?"

"भीतीचं इंजेक्शन अजून स्टोअरला आलेलं नाही. झोपेची गोळी देऊ. पण कुडाळला पोचल्यावर जागा होईलच ना तो?" मग चष्मा पुसत म्हणाले, "तुला संध्याकाळी काम नसतं. बघ काही जमतं का. मात्र चावून घेऊ नकोस, मला वर रिपोर्ट पाठवावा लागेल."

पुस्तकात बघितले. कुत्र्याची हाडे, आतडी, जंत, सगळे होते. भीतीवर काही नव्हते. मग दुसरे काही सुचेना म्हणून बाई टायगरला फिरवायला निघाल्या की मी मागून चालू लागलो आणि नुसता बघू लागलो.

आमच्याकडची पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, आणि मधून एक बैलगाडी जेमतेम जाईल अशी वाट. समोरून कुत्रा आला तर तोंडासमोर तोंडच येते. बाजूला व्हायला जागा नाही. बाईंना लांबचे दिसत नसे, म्हणून त्या दोरी कायम मनगटाला गुंडाळून आखूड धरत. टायगरची मान त्यामुळे नेहमी वर ओढलेली. हे एक झाले.

दुसरे माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण ते मी लहानपणापासून बघत आलो होतो. वाडीतल्या प्रत्येकाला बाईंनी शिकवले होते. बाई येताना दिसल्या आणि वाटेत दुसरा कुत्रा असला, की जो तो हातातले काम टाकून "हड हड" ओरडत त्या कुत्र्यावर दगड भिरकावी. बाईंना त्रास नको म्हणून. गडग्यावर बसलेले म्हातारेसुद्धा हाताशी खडे ठेवत. यात सगळ्यांत पुढे दाजी. दाजी बोटीवर भांडारी, म्हणजे स्वयंपाकी होते, नोकरी संपवून गावी आलेले आणि बाईंच्या शेजारचे.

मग मी टायगरच्या बाजूने विचार केला. कुत्रा दिसला की गळ्याला फास बसतो, माणसे ओरडतात, दगड उडतात. हे त्याने पिल्लू असल्यापासून रोज बघितले होते. मग दुसरा कुत्रा म्हणजे काहीतरी भयंकर आहे, असे त्याने समजले तर त्याचे काय चुकले?

हे वाडीला सांगायचे कसे, हा प्रश्न होता. लोक प्रेमाने करत होते. मी घरोघर गेलो, चहा घेतला आणि चाचरत सांगितले. बहुतेकांना वाटले, शहरात जाऊन हा काहीतरी शिकून आला आहे. दाजी तर रागावलेच.

"दगड मारू नको म्हणतंस, मगे काय करू? कुत्र्याक नमस्कार घालू?"

"काय करू नकात, दाजी. गप बसान ऱ्हवा."

"बाईंक कुत्रो चावलो तर तू भरून देतलंस?"

मी म्हटले की दगड टाकून द्या आणि त्या हातात आमच्या काळीची दोरी धरा. काळी म्हणजे आमच्या घरची म्हातारी कुत्री. तिला जगात कशाचेच काही वाटत नसे. दाजी चपला शोधायला उठले.

मोकळे कुत्रे एकमेकांना कसे भेटतात हे मी किनाऱ्यावर बघितले होते. ते सरळ चालून जात नाहीत. वळण घेऊन येतात, बाजूने वास घेतात आणि आपापल्या वाटेला लागतात. पाणंदीत हे शक्यच नव्हते. म्हणून आम्ही ओहोटीची वेळ बघून पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, जाऊ लागलो. ओहोटीला आमची पुळण इतकी रुंद होते की दोन माणसे एकाच दिशेने चालत राहिली तरी मध्ये अख्खे घर मावेल. पाण्याच्या कडेने दाजी आणि काळी, सुरूच्या झाडांकडून बाई आणि टायगर, मध्ये मी. समोरासमोर यायचे नाही, नुसते बरोबरीने चालायचे.

जाळ्याची लांब दोरी मी बाईंना दिली. गरीची दोरी धरतात तशी धरा, म्हटले. मासा कळला पाहिजे पण ओढायचे नाही. बाईंच्या ओच्यात भाजलेल्या सुक्या बांगड्याचे तुकडे असत. टायगरने काळीकडे बघितले आणि तो गप्प राहिला, की एक तुकडा. तोंड मिटले, अंग ताठ झाले, की ओरडायचे नाही, ओढायचे नाही, आपणच वळून लांब जायचे. "अख्ख्या लुगड्याक वास मारता," बाई कुरकुरत. पण तुकडे रोज जास्त आणत.

रोज दोघांमधली पुळण थोडी थोडी कमी झाली. एके दिवशी टायगरने काळीचा बाजूने वास घेतला. काळीने ढुंकूनही बघितले नाही. दाजी मात्र फुलले. मग आम्ही वाडीतले दुसरे कुत्रे एकेक करून आणले. काहींशी जमले, एकाशी अजिबात जमले नाही. त्याला आम्ही सोडून दिले. माणसांचेही सगळ्यांशी जमत नाही.

मग एका सकाळी घोटाळा झाला. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे मोठे जाळे, आमच्या नेहमीच्या जागेजवळ लागली होती. मासळीच्या आशेने जमलेले मोकाट कुत्रे आमच्याकडे वळले. टायगर जागीच थिजला. दाजी सवयीने खाली वाकले, पण पुळणीत दगड कुठला? बाईंना कुत्रे दिसत नव्हते, आवाज येत होता. त्यांनी दोरीचा वेढा मनगटाला घेतलेला मी बघितला आणि वाटले, आता सगळे फुकट जाणार.

मी हळूच म्हटले, "बाई, दोरी."

त्यांनी वेढा सोडला, दोरी सैल केली आणि सुरूच्या दिशेने वळून चालू लागल्या. टायगरला म्हणाल्या, "चल बाबा. माकाय भीती वाटता. चल आपण दोघा जावया."

तो गेला. कुत्रे वळण घेत मागे आले, दोघांनी त्याचा वास घेतला. टायगर शेपूट पोटात घालून उभा राहिला, पण दात दाखवले नाहीत. कुत्रे मासळीकडे परतले. बाई तिथेच वाळूत बसल्या आणि ओच्यातला सगळा बांगडा त्याच्यापुढे ओतला. मी त्यांना मुळीच अडवले नाही.

माझे ट्रेनिंग संपायच्या आधी आम्ही कुडाळला गेलो. या वेळी फाटकात नाही. मी जावयांना विनंती करून कुत्रे एकेक करून मागच्या कापणी झालेल्या मळ्यात आणायला लावले. सगळे मिळून खूप वेळ चाललो आणि मग सगळे बरोबरच घरात शिरलो. भांडण झाले नाही. पण टायगर बाकाखाली जाऊन बसला तो बाहेर येईना, खायलाही नको म्हणाला. गोदामाचे कुत्रे दारात उभे राहून त्याच्याकडे बघत होते. मला शेवटची एस.टी. पकडायची होती. बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी निघालो.

साहेबांना मी सांगितले की काम अर्धवट राहिले. ते म्हणाले, "आपल्याकडे सगळ्या केसेस अर्धवटच राहतात. जनावर घरी जातं, पुढचं आपल्याला कळत नाही." मी एवढेच शिकलो होतो की टायगरला थोडे शिकवावे लागले आणि बाकी सगळा वेळ आम्हा माणसांचे हात सैल करण्यात गेला. हे परीक्षेत कोणी विचारत नाही.

मुंबईला कॉलेजात परत आलो. घरून पत्र येणे कठीण, आमच्याकडे लिहिणारा मीच. बाईंचे काय झाले, कुत्र्याचे काय झाले, काही कळेना. थंडी गेली, आंबे आले.

परवा हॉस्टेलच्या दारात दाजी उभे. आपल्या जुन्या कंपनीत काही कामाला मुंबईत आले होते. पाणी प्यायच्या आधीच बोलू लागले. टायगर पहिले दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी त्या दोघांच्या ताटलीत तोंड घातले आणि कोणी काही बोलले नाही. ऑपरेशन झाले. डोळ्यावर पट्टी होती तेवढे दिवस तिन्ही कुत्रे बाईंच्या खाटेखाली झोपत, आणि औषध घालायला मुलीला त्यांच्यावरून पाय टाकून जावे लागे.

पट्टी सुटली तेव्हा दाजी बाईंना बघायला कुडाळला गेलेले होते. बाईंनी सगळ्यांकडे बघून घेतले आणि टायगरला हाक मारली. त्याचे तोंड दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या,

"अरे, तू इतको पांढरो कधी झालंस रे?"