चार वाजताचा ड्रम

असे लेख कसे सुरू होतात ते मला माहितीये. रात्री उशिरा फोन वाजतो, लिहिणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते, पलीकडून हुंदका येतो आणि मग 'एक शांत, मितभाषी, अजातशत्रू माणूस आपल्यातून गेला.' तुम्ही तेच वाचायला बसला असाल तर सॉरी. माझा किसनमामा शांत नव्हता. तो बोलायला लागला की समोरच्या बिल्डिंगवरची कबुतरं उडायची. मितभाषी तर अजिबातच नाही. आणि अजातशत्रू म्हणाल तर वर्तकनगरच्या त्याच्या कॉलनीत पाण्याच्या वेळेवरून निम्म्या मजल्याशी त्याचं वाकडं होतं. फोन वाजला हे मात्र खरं. पण रात्री नाही, दुपारी चार वाजता. आणि पालबिल काही चुकचुकली नाही, कारण मामाचा फोन रोज चारलाच यायचा. मी डोंबिवलीला मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. नेहमीसारखा बाहेर आलो, शटरच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, घसा साफ केला, फोन उचलला आणि हॅलो-बिलो न म्हणता डायरेक्ट सुरू झालो... खर्रर्र-खळ, खर्रर्र-खळ, खर्रर्र-खळ.

पलीकडून मामाचं 'हां, वाजतोय' आलं नाही. मला वाटलं नीट ऐकू गेलं नसेल, म्हणून आवाज वाढवला. बराच वेळ वाजवलं. मग मामी बोलली, अगदी हळू.

"बंद कर रे. मामा गेले."

तर... माझ्या मामाच्या मरणाची बातमी मी अशी ऐकली. तोंडाने मशीन वाजवत.

आता ते मशीन कसलं ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल पोराचं डोकं फिरलंय. तुमच्या शर्टाचं बटण जरा बोटाने चाचपून बघा. गुळगुळीत लागतं ना? ते तसं जन्माला येत नाही. कापून, भोकं पाडून येतं तेव्हा ते मळकट असतं आणि त्याच्या कडा बोचतात. मग ते पॉलिशच्या ड्रममध्ये जातं. आठ बाजूंचं मोठं लाकडी पिंप, आडवं टांगलेलं, मोटर आणि पट्ट्यावर सावकाश गोल फिरणारं. आत बटणं, लाकडाचे बारीक तुकडे, घासायची पावडर आणि थोडं पाणी. दिवसभर सगळे एकमेकांवर आपटतात, घासतात आणि संध्याकाळपर्यंत सरळ होतात. मग दुसऱ्या ड्रममध्ये मेण टाकून चमक द्यायची. मामाचा डोंबिवलीच्या इंडस्ट्रियल एरियात भाड्याचा गाळा होता. लोक बटणं आणून द्यायचे, मामा घासून द्यायचा. बस, एवढाच धंदा. पण तो सांगायचा असा, की जणू त्याचा ड्रम थांबला तर अख्ख्या ठाणे जिल्ह्याचे शर्ट उघडे पडतील.

बारावीनंतर मी शहापूरहून मामाकडे कामाला आलेलो, राहायला डोंबिवलीतच खोली घेतलेली. आमच्या शाळेत माझी हुशारी म्हणजे मुख्याध्यापकांचा आवाज काढून मधल्या सुट्टीची घंटा पाच मिनिटं आधी द्यायला लावणं, एवढीच. मामा मला नकल्या म्हणायचा. गाळ्यावर पहिल्याच आठवड्यात मी ड्रमचा आवाज उचलला. सकाळी ड्रम भरला की खडी ओतल्यासारखा कडक वाजतो, दुपारी त्याच्यात थोडी मऊ सळसळ येते आणि संध्याकाळी तांदूळ निवडल्यासारखा वाटतो. मला तिन्ही यायचे. बटणाचा माल घेऊन कोणी पार्टी आली की मामा त्यांना स्टुलावर बसवायचा, डोळे मिटायला लावायचा आणि मला म्हणायचा, वाजव. मी वाजवायचो. पार्टी डोळे उघडून ड्रमकडे बघायची, तर ड्रम बंद. मामा असा हसायचा की जणू मला त्यानेच त्या पिंपात घालून तयार केलाय.

ड्रमशेजारी आयुष्य काढल्याने त्याला माणसांचं कमी ऐकू यायचं. ड्रमचं सगळं ऐकू यायचं. म्हणून तो ओरडून बोलायचा, आणि बोलताना समोरच्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण दोन बोटांत धरून ठेवायचा. म्हणजे एक तर तुम्ही पळू शकत नाही, आणि दुसरं म्हणजे बोलता बोलता त्याची तपासणी होऊन जाते. माझ्या मावसभावाच्या लग्नात स्टेजवर जाऊन त्याने नवरदेवाच्या शेरवानीचं बटण धरलं आणि माइक नसताना सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं, ह्याला ड्रम कमी लागलाय. मामी दुसऱ्या बाजूने त्याची बाही ओढत होती. शोभामामी बारीक आवाजाची, मोजकं बोलणारी. मामा सांगायचा, आमच्या घरात आवाजाचं वाटप झालं तेव्हा ही उशिरा आली.

मग मामाची छाती बिघडली. डॉक्टर म्हणाले, धूळ बंद, गाळा बंद. मामाने माझं बटण धरलं आणि म्हणाला, तू चालव. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला नको होतं. मी तेव्हा हळदीच्या कार्यक्रमांत अँकरिंग आणि मिमिक्री करायला लागलेलो. बाळकुमला एका हळदीत चार पुढाऱ्यांचे आवाज काढून मी टाळ्या घेतलेल्या, आणि माझ्या मते माझी लाइफ सेट होती. संध्याकाळी कार्यक्रम असला की मी ड्रम दुपारीच उघडायचो. वरून बटणं चमकायची, पण भोकांच्या कडा तशाच धारदार राहायच्या. तशा बटणाने दोरा कापला जातो. शर्ट दुकानात जायच्या आधीच बटणं गळायला लागली. पार्ट्या एकेक करून दुसरीकडे गेल्या. शेवटी गाळामालकाला जागा हवी होती, आणि ड्रममध्ये घालायला माझ्याकडे काही नव्हतं. मामीने आणि मी मिळून दोन्ही ड्रम विकून टाकले. मोटर एकाने नेली, लाकूड दुसऱ्याने. मी मोबाइलच्या दुकानात लागलो.

मामी तेव्हा एकच गोष्ट म्हणालेली. मामांना सांगू नकोस. ड्रम चालू आहे एवढ्या एका गोष्टीवर ते सकाळी उठून बसतात, दूध पितात, पोपटासारखे बोलतात. ते गेलं तर माणूस झोपून राहील. मी म्हटलं, टेन्शन नको मामी, मी आहे ना.

दुसऱ्याच दिवशी चारला मामाचा फोन. ड्रम ऐकव. मी दुकानाबाहेर आलो, फोन तोंडाजवळ धरला आणि वाजवला. मामा खूश. सकाळचा ऐकलाच पाहिजे असा त्याचा आग्रह नव्हता, चारचा पुरेसा होता, कारण माल होत आलाय की नाही ते चारला कळतं. मग रोजच सुरू झालं. मामा ऐकायचा आणि पलंगावरून ऑर्डर सोडायचा. थोडं पाणी मार. मी जिभेने पाणी मारायचो. पावडर कमी पडलीये. मी आवाज जरा खरखरीत करायचो. मधे मला दम लागायचा, आवाज क्षणभर तुटायचा, तर मामा लगेच म्हणायचा, पट्टा सैल आहे, बघ जरा. मी म्हणायचो, हो मामा, बघतो... आणि तेवढ्यात श्वास घ्यायचो. मला वाटायचं काय नशीब आहे आपलं, म्हातारा स्वतःच कारण देतोय.

एकदा दुकानाशेजारच्या टपरीवर माझे मित्र होते. म्हणाले, स्पीकरवर टाक ना भाई. मी टाकला. मामाने पाणी मारायला सांगितलं, मी मारलं, आणि ती चौघं फुटली. एकाच्या तर नाकातून चहा आला. मामाने विचारलं, कोण आहे रे? मी म्हटलं, पार्टी आलीये मामा, माल बघायला.

"मग त्यांना चहा दे," मामा म्हणाला. "माझ्या नावाने दे."

त्यावर ते अजून हसले. मीपण हसलो. हे लिहिताना मला त्या टपरीच्या बाकड्याखाली जाऊन बसावंसं वाटतंय, पण हसलो ते हसलो.

मामा अधूनमधून विचारायचा, घरी कधी येतोस? डोंबिवलीहून वर्तकनगर म्हणजे काय, बस आणि एक रिक्षा. पण दुकान होतं, हळदी होत्या, रविवारी झोप होती. आणि माझ्याकडे एक फर्स्ट क्लास कारण होतं. ड्रम चालू आहे मामा, सोडून कसा येऊ? मामाला ते पटायचं. चालू ड्रम सोडून जायचं नाही हे त्यानेच मला शिकवलेलं. हो हो, तो म्हणायचा, ड्रम सोडू नकोस. मग खोकायचा आणि फोन ठेवायचा. मी गेलोच नाही असं नाही. एकदा गेलेलो. अर्धा तास बसलो, आणि ड्रमचं नाव सांगून निघालो.

मग तो चार वाजताचा फोन आला, जो मी वर सांगितला.

मी पोचलो तेव्हा कॉलनीतली सगळी माणसं खाली जमलेली, पाण्यावरून भांडणारीसुद्धा. मामाच्या अंगावर पांढरा शर्ट होता. मी त्याच्या बटणांकडे बघत राहिलो, कारण चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

काही दिवसांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, मग एकेकजण उठून मामाबद्दल दोन शब्द बोलायला लागले. माझं नाव पुकारलं तशी मागच्या रांगेतली मावसभावंडं सरसावून बसली. त्यांना वाटलं, आता नकल्या मामाचा आवाज काढणार, शेरवानीचा किस्सा सांगणार. मी माइक धरला. हॉलच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि त्यात चार वाजायला आलेले... आणि माझ्या तोंडातून काय आलं माहितीये? 'किसनमामा हे अत्यंत शांत आणि मितभाषी व्यक्तिमत्त्व होते.' पुढे कष्टाळू, मनमिळाऊ, पोकळी कधीही न भरून येणारी... आमच्या मुख्याध्यापकांचा आवाज निघत होता, आणि या वेळी मी तो मुद्दाम काढत नव्हतो. मला फक्त मामासारखं काही वाजायला नको होतं. एक सूर लागला असता तर मी तिथेच बसलो असतो रडत, आणि रडायचा आपल्याला हक्क आहे असं मला वाटत नव्हतं.

सगळे गेल्यावर मी किचनच्या दारात उभा होतो. मामी चहाचे कप धूत होती. तिने मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

"कोणाबद्दल बोलत होतास रे तू मघाशी?"

मी म्हटलं, मामी, अशा वेळी मस्करी कशी करणार.

"मस्करी तर रोज चारला चालायची की तुझी." कप खळकन् ठेवला तिने. "त्यांना माहीत होतं."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय.

"दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. फोन ठेवला आणि मला म्हणाले, शोभा, ड्रम विकला ना? मी काय बोलणार? म्हणाले, पोरगा झकास वाजवतो गं, पण मधे श्वास घेतो. ड्रम श्वास घेतो का कधी?"

"मग पट्टा सैल आहे म्हणायचा तो..."

"तुला दम खायला मिळावा म्हणून. येडा आहेस का तू?"

मी विचारलं, मग रोज फोन कशाला लावायचा. विचारायला नको होतं. मामीने नळ बंद केला.

"तू लावला असतास आपणहून? ड्रम नाही म्हटल्यावर तू कशाला उचलतोयस फोन. मला म्हणाले, ह्याला सांगायचं नाही, पोराला वाईट वाटेल. बरं, खोटं बोल म्हणून तुला मी सांगितलं. ते माझ्या डोक्यावर. पोरं हसली त्या दिवशी मी म्हटलं ठेवा तो फोन, तर म्हणतात हसू दे, त्याचं पब्लिक आहे. पण एक सांग मला. ड्रम नाही हे तुला माहीत, मला माहीत, त्यांना माहीत. मग 'ड्रम सोडून कसा येऊ' हे तू सांगत कोणाला होतास?"

मी खिशातला फोन काढला आणि परत खिशात ठेवला.

"हो हो म्हणायचे तुला. फोन ठेवायचे आणि भिंतीकडे कूस करायचे. वर्तकनगर काय दिल्लीला आहे का रे?"

आयुष्यात मामीला एवढं बोलताना मी ऐकलेलं नाही. आवाज तसाच बारीक, पण शेजारी दार उघडून कोणीतरी बघून गेलं. मग ती हात न पुसताच पुढे आली आणि ओल्या दोन बोटांत माझ्या शर्टाचं वरून दुसरं बटण धरलं. आपण काय धरलंय ते तिला कळलंही नसेल. मला हलता येईना.

"आणि अजून एक," मामी म्हणाली. "फोन उचलला की आधी हॅलो म्हणायचं. त्या दिवशी किती वेळ थांबले मी... तू कधी बोलतोस म्हणून."