अर्थिंगला पाणी

हसायचं तर खुशाल हसा, पण कप खाली ठेवून हसा. मागं एकदा हा प्रसंग सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता. त्याच बैठकीत दुसरा एकजण गुपचूप डोळे पुसत होता. दोघांतलं कोण बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढं मात्र खरं, की त्या दिवशी माझ्याइतका मूर्ख माणूस अख्ख्या तुळजापूर तालुक्यात दुसरा नव्हता!

माझा धंदा माइकचा. लग्न, बारसं, सभा, जत्रा, कुठंही भोंगा लावायचा असला की निरोप मला यायचा. आणि माझी एक घमेंड होती. माझा माइक कधी शिट्टी मारायचा नाही. दुसऱ्यांचे भोंगे कसे बोंबलायचे, आठवतं ना? पुढारी 'बंधूंनो' म्हणायचा आणि भोंगा 'कूंऽऽ' करायचा. माझ्याकडं ते चालायचं नाही. आवाज कसा, धुतलेल्या काचेसारखा!

त्यातली मेख सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आवाज वाढवणाऱ्या मशीनला 'घूंऽऽ' असा आवाज लागला की समजायचं, अर्थिंग सुकलं. आम्ही माइकवाले काय करायचो, तर एक लोखंडी सळई जमिनीत ठोकायची, तिला मशीनची तार जोडायची आणि सळईच्या बुडाशी पाणी ओतायचं. माती ओली झाली की घूं गायब. हाताला इतकी सवय की आवाज खरखरला रे खरखरला, माझा हात आपोआप पाण्याकडं जायचा.

आता विचार करा. असा माणूस बहात्तरच्या दुष्काळात काय करेल?

तामलवाडीच्या अलीकडं एका माळावर पाझर तलावाचं काम चालू होतं. शेकडो माणसं खडी फोडत होती. विहिरी तळाला गेलेल्या. पाणी म्हणजे टँकर, आणि तो तालुक्याच्या सहकारी संघाचा. संघाचे चेअरमन साहेब त्या दिवशी काम बघायला येणार, दोन शब्द बोलणार, म्हणून मला बोलावलं होतं.

मी पोचलो तेव्हा टँकर नुकताच आला होता. दोन रांगा लागल्या होत्या. एक बायकांची, एक बाप्यांची. माणशी एक घागर. बायकांच्या रांगेत एक उंच, रुंद खांद्याची बाई होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, काखेत घागर. तिचा नंबर जवळ आला तशी पुढची बाई वळली.

"रतन, तू बाप्यात जा गं."

ती निमूट बाप्यांच्या रांगेत गेली. तिथला पहिला म्हणाला, "लुगडं नेसून बाप्यात? आमाला नगं बाबा ही भानगड."

"मग म्या कुटं जाऊ?" तिचा आवाज जाडाभरडा, पण शांत होता.

टँकरवाल्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "माझ्याकडं दोनच रांगा हायत."

ही रतन जोगती. पोरगा म्हणून जन्मली आणि यल्लम्माच्या नावानं सोडली गेली. चौंडकं वाजवून मागून खायची. पण दुष्काळात जोगवा कोण वाढणार? म्हणून खडी फोडायला आली होती. ती किसनमामांच्या खोपटात राहायची. किसनमामा म्हणजे तिथल्या टोळीचे मुकादम, बौद्धवाड्यातले, पन्नाशीचे. दोघांच्या एकत्र राहण्याला काय म्हणायचं ते गावाला सुचत नव्हतं, म्हणून गाव काहीच म्हणत नव्हतं. दोघं मिळून मामांच्या एका घागरीवर दिवस काढायची. पिणं, रांधणं, सगळं त्यातच.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? पण मला माझा भोंगा लिंबाच्या झाडावर चढवायचा होता.

मी सळई ठोकत असताना किसनमामा आले. "जय भीम, अण्णा. साहेब येईस्तवर आमचा बी कारेक्रम हाय बरं का. माइक लागंल."

"भजन का?"

"न्हाय."

"मग हलगी?"

मामांनी खांद्यावरची पहार खाली टेकवली. "हलगी आमच्या बापानं धर्म बदलला तवाच सोडली, अण्णा. मेल्या ढोरामागं न् पाटलाच्या घोड्याम्होरं लई वाजवली. आता हाताला यील त्ये वाजवतो. पहार, घमेलं, पिंप. ह्येला जात न्हाय."

"आणि गाणार कोण?"

"घागर," मामा म्हणाले आणि गेले.

मला वाटलं, म्हातारा उन्हानं भंजाळला!

मंच म्हणजे मातीचा ओटाच, त्यावर साहेबांसाठी एक लाल माठ ठेवला होता. वाळ्याचं पाणी, वर पितळी झाकण. येणारी-जाणारी माणसं त्या माठाकडं देवाकडं बघावं तशी बघून पुढं जायची. मी त्याच्याच शेजारी मशीन मांडलं. हे लक्षात ठेवा.

तर कार्यक्रम सुरू झाला. मामांनी पहार दगडावरून ओढली. खर्रर्रर्र! माझ्या अंगावर काटा आला. मग घमेलं बडवायला लागले, तालात नाही, अडखळत. दमलेला माणूस चालतो तसं. बायकांनी बसल्या जागी हातोड्या दगडावर आपटायला सुरुवात केली. रतननं चौंडक्याची तार ताणून धरली, तिच्यातून कण्हल्यासारखं काहीतरी निघालं.

मी म्हटलं, असू दे. गरिबांची करमणूक आहे.

आणि मग रतननं काय केलं? माझा माइक उचलला, रिकाम्या घागरीच्या तोंडात घातला आणि घागर भोंग्याकडं फिरवली.

अहो, काय तो आवाज! 'घूंऽऽऊंऽऽ!' अख्खा माळ हादरला. लिंबावरचे कावळे उडाले. मी आयुष्यभर जो आवाज मारत आलो, तो शंभर पटीनं माझ्याच भोंग्यातून बाहेर पडत होता!

रतन बायकांच्या बाजूला चालत गेली की आवाज चढायचा. मागं फिरली की उतरायचा. बाप्यांच्या बाजूला गेली की पुन्हा चढायचा, पुन्हा उतरायचा. इकडून तिकडं, तिकडून इकडं. समोर बसलेल्या माणसांना कळत होतं ती काय सांगतेय ते. माना खाली जात होत्या. कळत नव्हतं ते फक्त एकाला. त्याला मशीनची पडली होती.

मी आवाज कमी केला. रतननं हात वर करून खुणावलं. मला वाटलं, वर भोंग्यात बिघाड आहे म्हणतेय. चढलो लिंबावर! भोंगा दुसरीकडं फिरवला, तर आवाज दुप्पट. खालून टाळ्या पडल्या. मला वाटलं, माझ्या धडपडीचं कौतुक चाललंय. खाली उतरलो, वायर बदलली. आवाज क्षणभर बंद, मग एकदम सुरू. तेवढ्या क्षणात मामांनी पिंपावर असा एक टोला हाणला की काय सांगू! माझ्याकडं बघून मानही हलवली. मला वाटलं, बरोबर वायर सापडली म्हणतायत.

आता राहिलं काय? अर्थिंग!

मी मशीनपाशी गुडघ्यावर बसून ओरडलो, "अर्थिंग सुकलंय! पाणी आणा!"

रतन तेव्हा घागर घेऊन माझ्या डोक्याशीच उभी होती. माझं ओरडणं घागरीत गेलं, घागरीतून माइकमध्ये, आणि भोंग्यातून माळभर. "पाणी आणाऽऽ!"

बायकांनी हातोडी आपटली आणि त्याही ओरडल्या, "पाणी आणा!"

मला भरून आलं. किती समजूतदार लोक! एका माइकवाल्याची अडचण सगळ्यांनी ओळखली!

"माती कोरडी पडलीय! पाणी आणा!"

"पाणी आणा!" आता बाप्येही ओरडत होते. काही बायका रडत होत्या. मी म्हटलं, माझ्या मशीनसाठी? इतकं?

पण पाणी कुणीच आणेना. शेवटी मीच हात चालवला. घागरीतून माइक उपसून काढला, काखेत दाबला, शेजारचा माठ उचलला, झाकण उडवलं आणि सगळा माठ सळईच्या बुडाशी ओतला.

काखेतला माइक चालूच होता. बुडबुड, बुडबुड, खळ्ळ. माळाच्या त्या टोकापर्यंत प्रत्येकानं ऐकलं. मग भेगाळलेल्या मातीनं ते पाणी प्यायलं, तो 'चर्रऽ'सुद्धा ऐकला.

घमेलं थांबलं. हातोड्या थांबल्या. एक लेकरू तेवढं 'पाणी' म्हणालं, तर आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

आणि घूं? घूं बंद झाला होता. अहो, माइक घागरीतून बाहेर काढला तेव्हाच तो बंद होणार होता! पण मी? मी माइक तोंडाशी धरला आणि त्या मसणवट्यासारख्या शांततेत छाती फुगवून म्हणालो, "बघा! गेला की नाही आवाज?"

कुणी हललं नाही. मी खाली बघितलं. हातात रिकामा माठ. पायाशी ओली माती, तीसुद्धा बघता बघता कोरडी होत चाललेली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मटकन त्या चिखलातच बसलो. मातीवर हात फिरवत राहिलो, जसं काही पाणी परत वेचता येणार होतं.

पुढं बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बया, ह्यो माणूस लई वंगाळ सोंग काढतंय. काळीज फाटलं माजं."

तेवढ्यात मागून टाळ्या वाजल्या. चेअरमन साहेब! त्यांची जीप मी ओतत असतानाच येऊन थांबली होती. साहेब मंचावर आले, माझ्या पाठीवर हात ठेवला. डोळे भरलेले.

"पाणी वाया घालवणाऱ्या माणसाचं सोंग तुम्ही इतकं हुबेहूब वठवलंत! असा बेअक्कल चेहरा आणायचा म्हणजे साधना लागते."

मी म्हटलं, "होय, साहेब."

मग साहेब बोलायला उभे राहिले. धुळीच्या रस्त्यानं आलेले, भर दुपारचं ऊन. 'बंधूंनो आणि भगिनींनो' एवढं झालं आणि घसा बसला. खोकले. माठाकडं हात केला. तो माझ्या मांडीवर होता.

साहेबांचा माणूस तांब्या घेऊन टँकरकडं धावला, तर कार्यक्रमानंतर पुन्हा रांगेला लागलेल्या बायकांनी अडवला. "रांगेनं या!"

"अगं, चेअरमन साहेबांना पाहिजे."

"तान सगळ्यास्नी सारकीच असती. रांगेनं!"

एवढ्या माणसांसमोर साहेब काय करणार? तांब्या घेऊन स्वतः गेले. दोन्ही रांगा ही लांब! आणि दोन्ही रांगांच्या मधोमध रतन एकटीच उभी. काखेत तीच घागर.

"ही कसली रांग?" साहेबांनी कोरड्या घशानं विचारलं.

"ज्येला कुटंच घेत न्हाईत त्येची," रतन म्हणाली.

साहेबांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं आणि तिच्या मागं उभे राहिले. तहानच तशी होती, आणि कार्यक्रमही त्यांनी थोडा का होईना बघितला होता. टँकरवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं! चेअरमनची रांग तर थांबवता येईना, आणि त्या रांगेत पहिली रतन. गप तोटी सोडली. रतनची घागर भरली. तिच्यामागं साहेबांचा तांब्या. दुसऱ्या दिवसापासून त्या टँकरला तीन रांगा लागायला लागल्या. साहेब उभे राहिलेली रांग मोडायची कुणाची छाती होती?

पाणी भरून रतननं घागर खाली ठेवली. आत वाकून बघितलं, स्वतःशीच हसली. किसनमामा लांब उभे होते. ते खाली बसले आणि डोक्याचं मुंडासं तोंडावर धरलं.

आणि माझं काय? बायकांनी निकाल दिला होता, माइकवाला सगळ्यांच्या शेवटी. उन्हात लिंबावर चढलेलो, ओरडून ओरडून घसा फाटलेला. दोन्ही रांगा संपेपर्यंत तिसऱ्या रांगेत एकटाच उभा राहिलो. शेवटी माझा नंबर आला. मी ओंजळ धरली. टँकरवाल्यानं तोटी सोडली.

'गुरर्रर्र... घूंऽऽ... फस्स.'

टँकर रिकामा.

माझ्या मागून रतन पुढं आली. तोटीला कान लावला, अगदी मन लावून ऐकलं आणि म्हणाली, "ऐकलासा का, अण्णा? सकाळपस्नं आमी ह्योच आवाज काढत हुतो."

मी मान खाली घातली. तिनं माझ्या ओंजळीत तिच्या घागरीतलं पाणी ओतलं. मी ओंजळ तोंडाशी नेणार, तोच तिनं माझं मनगट धरलं.

"प्या," ती म्हणाली, "सळईला घालू नगासा."